राफ्टसाठी बनवून घेतलेला ट्रेलर: डेन्व्हरजवळच्या एका वर्कशॉपच्या कामाबद्दल, दोन हंगामांनंतर

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही नदीवर न्यायच्या आमच्या १४ फुटी, हवेने फुगवायच्या राफ्टसाठी एक ट्रेलर बनवून घेतला. डेन्व्हरच्या उत्तरेकडील औद्योगिक वस्तीत एक लहानसे वर्कशॉप आहे. मालक स्वतः वेल्डिंग करतो, हाताखाली दोन कारागीर आहेत आणि कुंपणालगत मोटरबोटींचे ट्रेलर रांगेने उभे असतात. आमच्या ट्रेलरचे आता दोन हंगाम झाले आहेत, त्याने जवळपास चार हजार मैल अंतर कापले आहे आणि नंतरच्या दुरुस्त्यांपैकी निम्म्या मी स्वतःच्या खिशातून केल्या आहेत, तेव्हा त्यावर काही लिहिण्याइतका अनुभव गाठीशी आला आहे असे वाटते. वर्कशॉपचे नाव मुद्दाम देत नाही, कारण झालेल्या चुकांतला बराच वाटा आमच्या अपुऱ्या सांगण्याचा होता. ही माणसे लोखंड आणि ॲल्युमिनियम उत्तम जाणतात. राफ्ट कशी असते हे मात्र त्यांना समजावून सांगावे लागते, आणि ते आम्ही वेळेवर सांगितले नाही.

ट्रेलरची गरजच काय, असा प्रश्न महाराष्ट्रातल्या वाचकाला पडेल. मी स्वतः पहिल्यांदा राफ्टमध्ये बसलो ते कोलाडला, कुंडलिकेवर. तिथे भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सकाळी पाणी सुटते, त्या पाण्यावर बारा-चौदा किलोमीटर खाली यायचे आणि राफ्ट जीपच्या टपावर बांधून परत न्यायची, एवढाच व्यवहार असतो. कोलोरॅडोत मात्र आमच्या घरापासून लोमा येथील नदीच्या घाटापर्यंत सुमारे २६० मैल आहेत. तिथून युटातील वेस्टवॉटरपर्यंतचा रुबी-हॉर्सथीफ हा २५ मैलांचा पट्टा आम्ही दोन-तीन मुक्काम करीत उतरतो, त्यामुळे राफ्टबरोबर ॲल्युमिनियमची फ्रेम, तीन वल्ही, बर्फाची पेटी, पाण्याचे कॅन, स्वयंपाकाचे सामान आणि वाळूत वापरायचे फिरते शौचालयही न्यावे लागते. ट्रेलर नव्हता तेव्हा राफ्ट गुंडाळून गाडीच्या मागे कोंबायची, घाटावर पोहोचल्यावर पंपाने फुगवायची, फ्रेम नटबोल्टांनी जोडायची आणि मग सामान बांधायचे, यात भर उन्हात दोन तास सहज जात, आणि उतारावर आपल्या मागे खोळंबलेली मंडळी काय म्हणत असतील याचा विचार मनातून जात नसे. फुगवलेली, बांधून सज्ज केलेली राफ्ट थेट पाण्यात सोडता यावी, ही आमची एकमेव अपेक्षा होती.

नवा, खास राफ्टसाठी बनवलेला ट्रेलर आमच्या आवाक्याबाहेर होता. म्हणून इथले नदीवाले लोक करतात तेच आम्ही केले, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलचा जुना ट्रेलर घेतला आणि तो बदलून घ्यायचे ठरवले. या ट्रेलरचा डेक, म्हणजे ओझे ठेवायची फळी, चाकांच्या वर सपाट असतो, त्यामुळे रुंदी पूर्ण वापरता येते आणि मधे चाकांचे मडगार्ड येत नाहीत. सामान्य सामानाच्या ट्रेलरमध्ये दोन्ही बाजूंना कठडे आणि चाकांचे उंचवटे असतात, त्यात पावणेसात फूट रुंदीची राफ्ट बसतच नाही. बसवायची तर कठड्यांच्या वर एक वेगळा माळा उभारावा लागतो आणि मग सगळे ओझे इतके उंच जाते की वळणावर धास्ती वाटते. आमचा ट्रेलर १० फूट लांब, ८ फूट ५ इंच रुंद आणि ॲल्युमिनियमचा आहे. रिकाम्या ट्रेलरचे वजन ४५० पौंडांच्या आत आहे, आणि त्याचा ॲक्सल टॉर्शन प्रकारचा, म्हणजे स्प्रिंगच्या पाट्यांऐवजी चौकोनी नळीत दाबून बसवलेल्या रबराच्या दांड्यांवर झोके घेणारा आहे. हलक्या ओझ्याला हा प्रकार फार चांगला, कारण पाट्यांवरचा हलका ट्रेलर रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर उड्या मारतो. जुना ट्रेलर १,४०० डॉलरला मिळाला आणि बदलांसाठी वर्कशॉपने २,३५० डॉलरचा अंदाज दिला. प्रत्यक्ष बिल २,६१० डॉलर झाले, आणि वाढलेल्या रकमेचा हिशेब मालकाने न विचारता, सामानाच्या पावत्यांसह समोर ठेवला, हे आधीच सांगून ठेवतो.

आता कामाकडे वळतो. सर्वांत उत्तम काम झाले ते पुढच्या दांडीचे. बैलगाडीला जशी जुवापर्यंत जाणारी दांडी असते तशीच ही, फक्त जुवाच्या जागी गाडीच्या हिचवरचा, म्हणजे मागच्या जोडणीवरचा, गोळा. स्नोमोबाइलच्या ट्रेलरची दांडी आखूड असते, कारण त्यांचे ओझे डेकच्या बाहेर जात नाही. राफ्ट मात्र डेकपेक्षा चार फूट लांब आहे. तिचे पुढचे टोक दांडीवर येते आणि दांडी आखूड राहिली तर आमच्या गाडीचे मागचे दार उघडता उघडता थेट राफ्टच्या नाकावर आदळते. दांडी तीन फुटांनी वाढवायची होती. मला वाटले होते की जुन्या नळीला पुढे एक तुकडा जोडून देतील, आणि तसे करणारी वर्कशॉपेही मी पाहिली आहेत. मालकाने साफ नकार दिला. लांबी वाढली की त्याच ओझ्याने दांडीच्या मुळाशी येणारा ताण वाढतो आणि तिचे वाकणे तर लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, हे त्याने कागदावर दोन रेघा मारून दाखवले, आणि मूळ ॲल्युमिनियमची नळी पूर्ण काढून तिथे तीन इंची चौकोनी पोलादी नळी, डेकखालच्या बिजागरीपासून थेट कपलरपर्यंत, म्हणजे त्या गोळ्यावर बसणाऱ्या टोकापर्यंत एकसंध, बसवली. पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना वेल्ड होत नाहीत, म्हणून जोड बोल्टांचा आहे, आणि दोन धातू एकमेकांना थेट लागून खारट ओलाव्यात ॲल्युमिनियम खाल्ले जाऊ नये यासाठी मधे नायलॉनच्या पट्ट्या आणि बोल्टांना नायलॉनच्या चकत्या आहेत. कोलोरॅडोतील हमरस्त्यांवर हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी मॅग्नेशियम क्लोराइड शिंपडतात. त्या द्रावणाने धातूचे काय होते हे ज्याने आपल्या गाडीखाली वाकून पाहिले आहे त्याला या चकत्यांचे मोल कळेल. दोन हंगामांनंतरही जोडाजवळ ॲल्युमिनियम खाल्ले गेल्याची पांढरी भुकटी दिसत नाही.

लांब दांडीचा दुसरा फायदा माझ्या लक्षात नंतर आला. आखूड ट्रेलर मागे घेताना स्टीयरिंग जरासे फिरवले की ट्रेलर आडवा होतो आणि सावरायला वेळच मिळत नाही. दांडी लांब असली की तोच ट्रेलर सावकाश, समजुतीने वळतो. डेक गाडीपेक्षा रुंद असल्यामुळे दोन्ही आरशांत त्याचे कोपरे सतत दिसतात. लोमाच्या उतारावर माझी पत्नी आता माझ्यापेक्षा चांगला ट्रेलर मागे घेते, आणि मला हातवारे करायला खाली उतरवते.

दिव्यांचे कामही पहिल्या प्रतीचे आहे. ट्रेलरचे दिवे बंद पडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण बल्ब हे नसून पांढरी तार, म्हणजे अर्थिंग, असते. बहुतेक जण ती तार ट्रेलरच्या सांगाड्याला एका स्क्रूने बांधून मोकळे होतात, आणि तो स्क्रू गंजला की डावा सिग्नल दिला असता सगळेच दिवे मंदपणे लुकलुकू लागतात. इथे प्रत्येक दिव्यापासून वेगळी पांढरी तार पुढच्या चारपिनी जोडापर्यंत आणली आहे, तारा नळीच्या आतून नेल्या आहेत आणि जोडांवर आत गोंद असलेली आकुंचणारी नळी चढवली आहे. एलईडी दिवे पाण्यात बुडाले तरी चालतील असे आहेत. दोन हंगामांत या दिव्यांकडे मला एकदाही पाहावे लागलेले नाही.

इथवरची स्तुती मनापासूनची आहे. यापुढचा भाग रोलरचा.

राफ्ट ट्रेलरवर चढवताना तिच्या हवेच्या नळ्या डेकच्या मागच्या कडेवरून घासत येतात, म्हणून तिथे एक फिरता रोलर लागतो आणि पुढे एक हाताने फिरवायची विंच, म्हणजे पट्टा गुंडाळून ओढणारा रहाट. वर्कशॉपने रोलर बसवला तो चार फूट लांबीचा, मधोमध, आणि डेकच्या पातळीत. मोटरबोटीसाठी ही योजना अगदी योग्य ठरली असती. मोटरबोटीला मधोमध कणा असतो, तिचे वजन त्या कण्यावर पेलले जाते आणि म्हणून तिच्या ट्रेलरवर सगळा आधार मधल्या रेषेवर असतो. राफ्टला कणा नसतो. तिचे वजन दोन बाजूंच्या हवेच्या नळ्यांवर असते आणि मधला तळ हा मऊ, फुगवलेला, नळ्यांना दोऱ्यांनी किंवा चिकटवून जोडलेला भाग असतो. आमची राफ्ट ६ फूट ८ इंच रुंद आहे आणि तिच्या नळीचा व्यास २० इंच. म्हणजे एका नळीच्या मध्यापासून दुसऱ्या नळीच्या मध्यापर्यंत नेमके पाच फूट अंतर पडते. चार फुटांचा रोलर या दोन्ही नळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आला. त्याला टेकत होता तो फक्त तळ, आणि ज्या नळ्यांना आधार हवा त्या दोन्ही बाजूंना प्लायवूडच्या कडेवर घासत होत्या. पहिल्याच फेरीत, वेस्टवॉटरला राफ्ट बाहेर काढताना, डाव्या नळीखालच्या जाड कापडावर वीतभर लांबीचा पांढरा ओरखडा उठला.

मालकाला फोन केला तेव्हा त्याने सांगितले की त्याने राफ्टचा व्यवहार करणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी याआधी काम केले आहे आणि त्यांची तक्रार आली नव्हती. मग चौकशीत निघाले की ती गिऱ्हाइके राफ्टला मोटर लावून सरोवरात नेणारी होती, त्यांच्या नावेखाली मधोमध लाकडी पट्टी होती. त्याने चूक मान्य केली आणि नवा रोलर मजुरी न घेता बसवून देण्याची तयारी दाखवली, पण त्यासाठी मला तीन आठवडे थांबावे लागले असते, आणि जूनमधले पाणी कोणासाठी थांबत नाही. शेवटी मी स्वतःच सात फुटांचा रोलर केला. आत जाड ॲल्युमिनियमची नळी, तिच्यावर मोकळी फिरणारी पीव्हीसीची नळी, दोन टोकांना आणि मधे एक असे तीन आधार, आणि सगळे डेकपासून तीन इंच वर व दोन इंच मागे. मधला आधार हवाच, नाहीतर भरलेल्या राफ्टखाली लांब नळी झोळीसारखी खाली जाते. खर्च १६० डॉलर आला आणि एक शनिवार गेला.

रोलर नीट झाल्यावर एक मोठा लाभ असा झाला की ट्रेलर पाण्यात बुडवावाच लागत नाही. मोटरबोटीचा ट्रेलर चाकांसकट पाण्यात उतरवतात. लांब प्रवासाने तापलेली चाकांची बेअरिंगे अचानक गार पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि बारीक फटींतून पाणी आत ओढले जाते. ग्रीस पांढरे पडते आणि काही महिन्यांनी बेअरिंग कुरकुरू लागते. आम्ही आता मागचा रोलर पाण्याच्या कडेला आणून थांबतो, राफ्टला विंचच्या पट्ट्याने ओढतो आणि डेक किंचित कलता करतो. मूळ ट्रेलरची कलण्याची सोय वर्कशॉपने राखली, याबद्दल त्यांचे आभार. अनेक जण ती पक्की वेल्ड करून टाकतात. विंचचा पट्टा राफ्टच्या पुढच्या एका कडीला लावू नये, एवढे इथे सांगायला हवे. ती कडी फक्त एका गोल ठिगळावर चिकटवलेली असते, आणि सामानाने भरलेली राफ्ट उतारावरून ओढताना ठिगळच सुटून येते. दोन कड्यांना मिळून दोर बांधावा आणि त्या दोराच्या मध्यावर पट्टा लावावा.

आता चाके, म्हणजे या सगळ्या प्रकरणातले सर्वांत महाग पडलेले पान. जुन्या ट्रेलरवर १२ इंची छोटी चाके होती, ४.८०-१२ या मापाची. टायरच्या कडेवर त्याच्या निर्मितीचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत कोरलेले असते. आमच्या टायरवर २३१४ असे होते, म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. वर्कशॉपमध्ये मी विचारले तेव्हा नक्षी भरपूर शिल्लक आहे, अजून चालतील, असे उत्तर मिळाले. नक्षी शिल्लक होती हे खरे. पण ट्रेलरचा टायर झिजून मरत नाही, उन्हात वाळून मरतो, आणि हे मला आधीपासून माहीत असूनही मी दोनशे-तीनशे डॉलर वाचवण्यासाठी ते उत्तर आनंदाने मानले. जुलैमध्ये, रायफल गावाच्या अलीकडे, आय-७० या हमरस्त्यावर उजवा टायर फुटला. सोबत राखीव चाक नव्हते, कारण लहान ट्रेलरबरोबर ते बहुधा मिळतच नाही आणि आम्हीही मागितले नव्हते. आम्ही तीन तास रस्त्याच्या कडेला बसलो आणि बर्फाच्या पेटीतली कैरीची डाळ संपवली.

घरी आल्यावर मी हिशेब मांडला, जो खरे तर आधी मांडायला हवा होता. भरलेला ट्रेलर ट्रकच्या वजनकाट्यावर १,४८० पौंड भरला. त्यातले हिचवर येणारे ओझे वजा केले तर प्रत्येक चाकावर ६९० पौंडांच्या आसपास येत होते, आणि त्या टायरची क्षमता, पूर्ण हवा असताना, ७८५ पौंड होती. कागदावर हे बसते. पण आय-७० वर पश्चिमेकडे वेगाची मर्यादा ताशी ७५ मैल आहे आणि अशा साध्या ट्रेलर-टायरसाठी ६५ मैलांपर्यंतचाच वेग धरलेला असतो. शिवाय चाक छोटे असल्याने ते एका मैलात जवळपास ९८० वेळा फिरते, तर २४ इंच व्यासाचा टायर ८४० वेळा. तेवढी बेअरिंगची आणि टायरची उष्णता कमी. आम्ही १३ इंची रिमवरचे एसटी१७५/८० मापाचे रेडियल टायर घेतले, ज्यांची क्षमता प्रत्येकी १,३६० पौंड आहे. रिमला चारच बोल्ट असल्याने हब बदलावा लागला नाही, पण मोठे चाक डेकच्या तळाला लागू नये म्हणून ॲक्सल आणि सांगाड्यामध्ये दोन इंची ठोकळे घालावे लागले, त्यामुळे डेक एकूण पावणेचार इंचांनी वर गेला. हे ठोकळे याच वर्कशॉपने बसवले, अर्ध्या दिवसात, आणि बोल्ट किती जोराने आवळले याचा आकडा सांगाड्यावर खडूने लिहून दिला. तीन चाके, म्हणजे एक राखीव धरून, आणि मजुरी मिळून ३८० डॉलर गेले.

वजनकाट्याच्या त्याच पावतीतून आणखी एक गोष्ट कळली. हिचवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के ओझे यायला हवे. त्याहून कमी आले तर वेग वाढल्यावर ट्रेलर शेपटीसारखा डुलू लागतो. आमच्याकडे ते फक्त ९५ पौंड, म्हणजे साडेसहा टक्के होते. डोंगर उतरताना गाडीच्या मागे काहीतरी मऊसे हलते आहे असे जे वाटायचे, त्याचा उलगडा झाला. राफ्ट जिथे टेकून थांबते तो पुढचा अडसर वर्कशॉपने अंदाजाने लावला होता, आणि तोही रिकाम्या राफ्टची लांबी धरून. तो १४ इंच पुढे सरकवल्यावर हिचवरचे ओझे १९० पौंडांच्या आसपास आले आणि डुलणे पूर्ण थांबले. अडसर वेल्ड न करता बोल्टांनी बसवलेला होता, म्हणून हे काम वीस मिनिटांत झाले. मालकाने तसे जाणून केले की योगायोगाने झाले, हे मी विचारलेले नाही.

राफ्ट बांधण्याबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण इथे रस्त्याचा भूगोल आडवा येतो. डेन्व्हरची उंची ५,२८० फूट. लोमाला जाताना आयझेनहॉवर बोगद्यातून जावे लागते, त्याची उंची ११,१५८ फूट आहे, आणि मग उतरत उतरत लोमा येते सुमारे साडेचार हजार फुटांवर. राफ्टच्या नळीत भोवतालच्या हवेपेक्षा साधारण अडीच पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) जास्त दाब ठेवतात. डेन्व्हरला भोवतालच्या हवेचा दाब १२ पीएसआयहून थोडा जास्त असतो, बोगद्याशी तो १० च्या खाली येतो. म्हणजे घरी नीट फुगवलेल्या नळीतला दाब बोगद्यापर्यंत जवळपास दुप्पट होतो, वरची हवा थंड असल्याने थोडा कमी धरला तरी. सुरक्षा झडप आमच्या राफ्टला तळापुरतीच आहे, नळ्यांना नाही. म्हणून घरून निघताना नळ्या मुद्दाम मऊ ठेवाव्या लागतात, आणि लोमाला पोहोचेपर्यंत त्या आणखी मऊ होतात. नळ्यांच्या वरून पट्टे आवळून राफ्ट बांधली असेल तर हे पट्टे बोगद्याशी तारेसारखे ताणले जातात आणि लोमाच्या अलीकडच्या ग्रँड जंक्शनला पोहोचता पोहोचता सैल होऊन वाऱ्यावर फडफडतात.

यावर उपाय एकच आहे, की पट्टे नळ्यांवरून न नेता राफ्टची ॲल्युमिनियमची फ्रेम थेट ट्रेलरला बांधावी. फ्रेम ना फुगते ना आकसते, आणि राफ्ट तिच्याखाली आपोआप जखडून राहते. त्यासाठी डेकवरच्या कड्या फ्रेमच्या आडव्या दांड्यांच्या रेषेत असाव्या लागतात. वर्कशॉपने त्या डेकच्या चार कोपऱ्यांत लावल्या होत्या, जे कोणत्याही सामानासाठी योग्यच आहे. मी माप देऊन आणखी चार कड्या लावून मागितल्या. त्यांनी त्या नुसत्या प्लायवूडला न ठोकता खालच्या आडव्या सांगाड्यातून बोल्ट घालून, मागे पोलादी पट्टी देऊन बसवल्या, आणि पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून बोगद्याच्या अलीकडे थांबून पट्टे चाचपण्याची माझी सवय गेली. आमची मुलगी म्हणते की तिथल्या थांब्यावरचे गरम चॉकलेटही त्यामुळे गेले.

डेकच्या पृष्ठभागाबद्दल माझे आणि मालकाचे मत शेवटपर्यंत जुळले नाही. त्याला बोटींसाठी वापरतात तसा गालिचा लावायचा होता, कारण तो मऊ असतो. गालिच्यात वाळू अडकते आणि प्रवासभर नळीचे कापड पॉलिश-कागदासारखे घासत राहते. शिवाय तो कित्येक दिवस ओला राहतो. २०२४ च्या उन्हाळ्यात ग्रँड जंक्शनच्या परिसरात कोलोरॅडो नदीत झेब्रा शिंपल्यांच्या, म्हणजे बाहेरून येऊन झपाट्याने पसरणाऱ्या उपद्रवी शिंपल्यांच्या, अळ्या सापडल्या, आणि आम्ही त्याच नदीवर त्याच्या खाली उतरतो, तेव्हा एका पाण्यातला ओलावा दुसऱ्या पाण्यात नेणारी कोणतीही वस्तू ट्रेलरवर नको, असा माझा आग्रह होता. शेवटी पाऊण इंची मरिन प्लायवूडवर नळ्यांच्या रेषेत गुळगुळीत प्लॅस्टिकच्या दोन रुंद पट्ट्या बसवल्या, मधे पाणी निथळायला भोके ठेवली. बादलीभर पाणी ओतले की वाळू निघून जाते आणि उन्हात तासाभरात डेक कोरडा होतो. मालकाने काम केले, पण प्लॅस्टिकवर राफ्ट घसरेल असे पुटपुटत केले. फ्रेम बांधलेली असेल तर घसरत नाही.

रुंदीबाबतची चूक पूर्णपणे माझी आहे. हमरस्त्यांवर १०२ इंच रुंदीपर्यंतचे वाहन चालते, आमचा ट्रेलर १०१ इंच, म्हणून मी निश्चिंत होतो. आमच्या गॅरेजचे दार ९६ इंच आहे. राफ्टसाठी सात फूट रुंद डेक पुरेसा झाला असता, जरी जादा जागेमुळे राफ्टच्या दोन्ही अंगांनी उभे राहून पट्टे आवळता येतात आणि वल्ही तिथेच ठेवता येतात. ट्रेलर घरासमोर उभा दिसल्यावर चौथ्या दिवशी गृहसंस्थेची नोटीस आली, आणि तेव्हापासून तो गावाबाहेरच्या एका आवारात महिना ४५ डॉलर भाडे भरून राहतो.

सगळे मिळून ४,५५० डॉलर झाले, त्यात मूळ ट्रेलर, वर्कशॉपचे बिल, चाके आणि रोलर हे सर्व आले. या पैशांत जो ट्रेलर मिळाला आहे तो आज मी नव्या ट्रेलरशीही बदलणार नाही, फक्त पहिला हंगाम आम्ही गिऱ्हाइक म्हणून काढला की चाचणी घेणारे म्हणून, असा प्रश्न पडतो. दांडी, दिवे, बोल्टांचे जोड, म्हणजे जिथे धातूचा आणि विजेचा प्रश्न होता, तिथे या वर्कशॉपच्या कामात मला खोट काढता येत नाही. रोलर, अडसर आणि कड्यांची जागा, म्हणजे जिथे ओझे कसे असेल याची कल्पना लागते, तिथे त्यांनी मोटरबोट डोळ्यांपुढे ठेवली. मी जाताना राफ्ट गुंडाळून गाडीत ठेवली होती आणि मापे कागदावर लिहून दिली होती. त्या कागदावरून नळ्या कुठे टेकतात हे कोणालाच कळले नसते.

प्लायवूडची मागची कड यंदा पाणी पिऊन फुगली आहे, बहुधा कापलेल्या कडेला रंग द्यायचा राहिला म्हणून. ऑक्टोबरमध्ये ती फळी बदलायला पुन्हा त्याच वर्कशॉपमध्ये जायचे ठरले आहे, आणि मालकाने या वेळी फोनवर स्वतःहून सांगितले की येताना राफ्ट फुगवून, फ्रेमसकट ट्रेलरवर चढवूनच आणा.